नरसिंह रावांना आपलं म्हणण्याआधी

प्रति,
सोलापूरच्या पूर्वभागातील तेलुगू भाषक समाजसंस्था, वाचनालयं आणि शिक्षणसंस्था यांचे सर्व पदाधिकारी व विश्वस्त

स. न. वि. वि.

माजी पंतप्रधान पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचा पुतळा पूर्वभागात व्हावा, निदान एखाद्या चौकाला त्यांचं नाव मिळावं, असं आपल्यापैकी अनेकजण बोलत असतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं, तेव्हापासून या बोलण्याला जोर आला आहे. माझा या कल्पनेला विरोध नाही. पण या कामासाठी समाजातून जे पैसे जमतील ते आधी भाषेच्या कामाला लावा, अशी मागणी करायला हे पत्र लिहिते आहे. आपल्या मुलांना तेलुगू लिहा-वाचायला शिकवणारा वर्ग आणि तेलुगू-मराठी अनुवादाचं कायम चालणारं काम. पुतळा त्यानंतर बसला तरी नरसिंह रावांचं काही बिघडत नाही.

मी पूर्वभागातच जन्मले. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी. पुढे मराठीचीच शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत तीच भाषा शिकवली. त्यामुळे या माणसाकडे मी दोन्ही भाषांच्या दारांतून पाहत आले आहे, आणि म्हणूनच आपण त्यांना कोणत्या कारणानं आपलं म्हणतो हे मला महत्त्वाचं वाटतं.

ते तेलुगू होते, तेलंगणातले होते, आपले आजे-पणजे ज्या मुलखातून विणकाम घेऊन सोलापुरात आले त्याच मुलखातले होते, हे आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. २८ जून १९२१ रोजी वरंगलजवळच्या लक्नेपल्लीत त्यांचा जन्म, आणि दत्तक गेल्यामुळे बालपण करीमनगर जिल्ह्यातल्या वंगरा गावात. खरं आहे. पण एवढ्यावर माणूस आपला होत असेल तर तेलंगणातला प्रत्येकच आपला. नरसिंह रावांनी मराठीशी जे नातं जोडलं ते फार कमी तेलुगू नेत्यांनी जोडलं, आणि सोलापूरच्या तेलुगू माणसाचा त्यांच्यावर जो विशेष हक्क आहे तो त्या नात्यापोटी आहे.

उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली, विद्यार्थ्यांनी ती मोडली, आणि शेकडो मुलांना बाहेर काढलं गेलं. नरसिंह राव त्यांतले एक. निजामाच्या राज्यात दारं बंद झालेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठानं आत घेतलं. नरसिंह राव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि वकिलीची पदवी त्यांनी नागपूरला घेतली. म्हणजे ज्या वयात माणूस वाचायला, वाद घालायला, मित्र करायला शिकतो, ते वय त्यांनी मराठी मुलखात घालवलं. पुढे १९८४ च्या निवडणुकीत हनमकोंड्यात ते हरले. देशभर काँग्रेसची लाट असताना भाजपला जेमतेम दोन जागा मिळाल्या होत्या, त्यांतली एक ही. त्या वेळी त्यांना लोकसभेत पाठवलं ते विदर्भातल्या रामटेकनं, आणि १९८९ मध्ये पुन्हा रामटेकनंच. गावाकडच्यांनी पाडलेल्या माणसाला मराठी मतदारांनी सांभाळलं. आपण जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट का सांगत नाही, मला कळत नाही.

आणि मग हरी नारायण आपटे. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक' मध्ये क्रमशः लिहिली. नरसिंह रावांनी ती 'अबला जीवितम' या नावानं तेलुगूत आणली. तेलुगूतली विश्वनाथ सत्यनारायण यांची 'वेयि पडगलु' ही अवाढव्य कादंबरी त्यांनी 'सहस्रफण' म्हणून हिंदीत नेली, आणि तिचंच नाव जास्त घेतलं जातं. माझ्या मते आपल्यासाठी मोठं काम आपट्यांचं.

या कादंबरीच्या नायिकेची, यमूची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्या कादंबरीत एक अख्खं मराठी घर बोलतं. माजघर, परस, सोवळं-ओवळं, सासूचे टोमणे, बायकांच्या तोंडची म्हण आणि तिच्याआड दडलेला धाक. हे दुसऱ्या भाषेत न्यायचं तर नुसतं मराठी येऊन भागत नाही, त्या घरात जाऊन राहावं लागतं. राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेल्या एका पुरुषानं एका मराठी विधवेचं मन तेलुगूत उतरवायला वेळ काढला, याचा मला आजही आदर वाटतो. त्यांना नेमक्या किती भाषा येत याचे निरनिराळे आकडे सांगितले जातात. त्या आकड्यांपेक्षा हे एक पुस्तक मला त्यांच्याबद्दल जास्त सांगतं.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, कातरलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, आणि रोजचा हजाराचा हिशेब. मराठी ती बाजारापुरतं बोलायची, वाचता कोणतीच भाषा येत नव्हती. मी उशिरा का होईना तेलुगू लिपी शिकले तेव्हा तिला 'अबला जीवितम' वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता हात न थांबवता विचारायची, "इदि रासिंदि आडामेना?" हे लिहिणारी बाईच ना? मूळ लिहिणारा पुरुष, तेलुगूत आणणाराही पुरुष, आणि तो देशाचा पंतप्रधान होता, हे सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली शंभर वर्षांपूर्वीची यमू सोलापूरच्या विडी कामगार बाईला तिच्या स्वतःच्या भाषेत भेटली, ती या माणसामुळे.

आता आपल्या घरांत पाहा. आपली नातवंडं घरी तेलुगू बोलतात, तीही अर्धी मराठी मिसळून, आणि तेलुगूतला एक फलक त्यांना वाचता येत नाही. हैदराबादला लग्नाला गेली की बसवरची पाटी दुसऱ्याला विचारतात. सोलापूर महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांतून चालत आल्या. एवढी श्रीमंती फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. बालभारती तेलुगूतही पाठ्यपुस्तकं छापते. तरी तेलुगू वर्गांचा पट घसरत गेला आणि आपण तो घसरू दिला. मुलांना मराठी किंवा इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आई-बापांना मी दोष देत नाही. पोटापाण्याचा विचार त्यांना करावाच लागतो. पण मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला रविवारी दोन तास तेलुगू शिकवायला कुणाची हरकत होती? ते काम समाजसंस्थांचं होतं. मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवाला नारळी पौर्णिमेला आपण रस्ता फुलांनी भरतो, आणि त्या मिरवणुकीतल्या तेलुगू बॅनरवरचा मजकूर मिरवणुकीतल्या निम्म्या मुलांना वाचता येत नाही.

सोलापूरचं आणि नरसिंह रावांच्या जगाचं नातं भाषेपुरतंही नाही. पूर्वी आपल्या गावाची वेस ओलांडून थोडं पूर्वेला गेलं की निजामाचं राज्य लागायचं. तुळजापूर निजामाचं, नळदुर्ग निजामाचं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सरहद्दीवर जे कॅम्प उभे राहिले, त्यांत सोलापूरची बाजू फार महत्त्वाची होती. नरसिंह रावही स्वामीजींचेच अनुयायी. त्यांनी काम केलं चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या कॅम्पात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहूनच निघाली, नळदुर्ग घेऊन हैदराबादच्या रस्त्याला लागली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्याच रस्त्यानं आपली माणसं पोटासाठी इकडे आली होती.

पंतप्रधान झाल्यावरचं त्यांचं सरकार या नजरेनं एकदा पाहा. पंतप्रधान वंगऱ्याचे नरसिंह राव, गृहमंत्री मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण, लोकसभेचे अध्यक्ष चाकूरचे शिवराज पाटील. तिघांचाही जन्म निजामाच्या राज्यातला. आणि त्या लोकसभेत सोलापूरचे खासदार होते धर्मण्णा सादूल, आपल्याच पूर्वभागाचे, आपल्याच भाषेचे. आणखी एक योग सांगते. २३ डिसेंबर २००४ ला नरसिंह राव दिल्लीत गेले. काँग्रेसच्या मुख्यालयाच्या फाटकाबाहेर त्यांचं पार्थिव थांबलं, आत घेतलं गेलं नाही, आणि अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. त्या वेळी आंध्र प्रदेशचे राज्यपाल होते आपले सुशीलकुमार शिंदे. पाच वर्षं देश चालवलेल्या माणसाला त्याच्या पक्षानं दिलेला तो निरोप मला तेव्हाही बोचला आणि अजून बोचतो.

पण आपण पक्षासारखं वागू नये, तसंच नुसत्या भक्तासारखंही वागू नये, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. या माणसाचं पूर्ण आयुष्य मुलांसमोर ठेवायला हवं. त्यातला आपल्याला सोयीचा भाग तेवढा नको.

१९९१ पासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली. त्या निवडणुकीत नरसिंह राव उभेसुद्धा नव्हते, दिल्ली सोडायची तयारी झाली होती. महिन्याभरात, २१ जूनला, ते पंतप्रधान झाले. तिजोरीत परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं होतं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं परदेशी गहाण गेलं, आणि २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण संसदेत आलं. उद्योग खातं नरसिंह रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं, त्यामुळे अठरा उद्योग वगळता बाकी सगळ्यांचे परवाने रद्द करणारं ते धोरण थेट त्यांचं. लोकसभेत बहुमत नसताना हे त्यांनी करून दाखवलं. त्या निर्णयांनी देश वाचला हे मी मानते.

त्यानंतर सोलापूरचं काय झालं हेही त्याच सभेत बोला. नव्वदच्या दशकातच लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा थांबला. त्या मिलची दुखणी जुनी होती, सगळं खापर धोरणावर फोडणं बरोबर नाही. पण सुताची निर्यात खुली झाली की इथल्या कारखानदाराला सूत महाग पडतं, हे अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत कुणालाही विचारा. जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावावर रान उठलं होतं ते आपल्याला आठवत असेल. एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला सही झाली, १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना आली, आणि १ जानेवारी २००५ ला कापडाच्या निर्यातीचा जुना कोटा संपला. आपला टेरी टॉवेल परदेशी गेला तो या खुल्या दारातूनच, काही घरं त्यावर उभी राहिली. आणि त्याच वर्षांत जकार्ड चादरीची गिऱ्हाइकं पानिपतच्या मऊ मिंक ब्लँकेटांकडे वळली. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं मागावरच्या कामगाराची मजुरी वाढत नाही. ज्यांनी कारखाने वाढवले त्यांनी नरसिंह रावांचे आभार मानावेत, ते योग्यच आहे. ज्यांचे माग भंगारात गेले त्यांनाही त्याच व्यासपीठावर बोलू द्या. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांचा ताबा द्यायला मनमोहन सिंग आले होते. ज्या अर्थमंत्र्यानं बाजार खुला केला तोच पंतप्रधान होऊन सरकारी मदतीनं बांधलेली घरं द्यायला आपल्या दारी आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी लपवायचं काही कारण नाही.

आता जे आपण टाळतो ते. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली, सरकारी आकड्यानुसारही एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मेली. तेव्हा देशाचे गृहमंत्री नरसिंह राव होते आणि दिल्लीचे पोलीस गृहखात्याखाली होते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा ते पंतप्रधान होते. उत्तर प्रदेश सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला हमी दिली होती, राष्ट्रपती राजवट आधी लावणं घटनेत बसलं नसतं, अशी बाजू त्यांनी स्वतः पुस्तक लिहून मांडली. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर आलं. मी त्यांची बाजू प्रामाणिकपणे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. तरीही माझं मत असं की ज्याच्या हातात सैन्य आणि पोलीस आहेत त्यानं दुसऱ्याच्या शब्दावर एवढं विसंबायचं नसतं. त्यानंतरच्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या दंगलींत ९०० माणसं मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगानं केली. वरळीपासून कामाठीपुऱ्यापर्यंत आपले तेलुगू लोकही तेव्हा मुंबईत राहत होते, त्या दिवसांत सोलापुरात त्यांच्या काळजीनं झोपा उडाल्या होत्या.

हे सोलापूर आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना एकाच दिवशी फाशी झाली. चौघांची घरं वेगळ्या भाषांची, वेगळ्या धर्म-जातींची. अशा गावात एका पंतप्रधानाची जयंती साजरी करताना शेजारच्या मुसलमान विणकराला त्या माणसाबद्दल काय वाटतं, हे विचारण्याचं धाडस आपल्यात असलं पाहिजे. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याच्या खटल्यात त्यांना २००० साली शिक्षा झाली आणि २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, हेही सांगून टाकावं. लपवलेलं मुलं पुढे दुसरीकडून ऐकतात, आणि मग आपल्यावरचा त्यांचा विश्वास जातो.

ज्या १९९२ च्या डिसेंबरनं त्यांच्या नावाला कायमचा डाग लागला, त्याच डिसेंबरात, २२ आणि २३ तारखेला, संसदेनं ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. राजीव गांधींच्या काळात राज्यसभेत अडलेलं ते काम या अल्पमतातल्या सरकारनं पुरं केलं. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, पुढे महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. आपल्या पूर्वभागातल्या बायका नगरसेविका म्हणून महापालिकेत बसल्या त्या या दुरुस्तीच्या आधारावर. आपट्यांची यमू तेलुगूत नेणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडलं याचा मला विशेष आनंद वाटतो. सभेत एकदा या नगरसेविकांनाही बोलवा. त्यांच्यापैकी काहींनी वॉर्डातल्या नळापासून शाळेपर्यंत किती झगडा दिला आहे, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे.

शिक्षिका म्हणून मला त्यांचं आणखी एक काम जवळचं वाटतं. आंध्रात १९७१ साली नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल गावी खेड्यातल्या हुशार, गरीब मुलांसाठी निवासी शाळा निघाली, ती त्यांच्या आग्रहानं. १९८५ मध्ये केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाल्यावर नवोदय विद्यालयं सुरू झाली. पहिल्या दोनच शाळा होत्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. सोलापूर जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. तिथली काही मुलं नववीत वर्षभर हिंदी मुलखातल्या नवोदयात राहायला जातात आणि तिकडची इकडे येतात. दुसऱ्याची भाषा शिकायची तर त्याच्या गावात जाऊन राहावं, ही कल्पना मला या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याशी मिळतीजुळती वाटते. ज्यांची नातवंडं पोखरापूरच्या प्रवेश परीक्षेला बसतात, त्यांना हे ठाऊक असावं.

आता नेमकं काय करावं ते लिहिते, म्हणजे पत्र नुसतं भावनेवर जाणार नाही.

रविवारचा तेलुगू वर्ग येत्या जूनमध्ये सुरू करा. आठ ते चौदा वयाच्या मुलांसाठी एक, आणि मोठ्यांसाठी दुसरा, कारण चाळिशीतल्या आई-बापांनाही लिपी येत नाही. बोली आपल्याला येतेच, त्यामुळे अक्षरं आणि जोडाक्षरं शिकायला वर्षसुद्धा लागणार नाही. पाठ्यपुस्तकं बालभारतीची घ्यावीत. घरची बोली बाजूला टाकून एकदम ग्रांथिक तेलुगू मुलांच्या गळी उतरवू नका. तेलंगणातून चार-पाच पिढ्यांपूर्वी निघालेली, मराठी-कन्नडच्या शेजारात वाढलेली आपली तेलुगू जशी आहे तशी वर्गात चालली पाहिजे. शुद्धतेच्या नावाखाली मूल एकदा हसलं गेलं की ते परत येत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

अनुवादाचं काम दोन्ही बाजूंनी हवं. दरवर्षी एक पुस्तक तेलुगूतून मराठीत आणि एक मराठीतून तेलुगूत, छोटं असलं तरी चालेल. सुरुवातीला मला दोन गोष्टी सुचतात. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉची आणि चार हुतात्म्यांची हकीकत सरळ सोप्या तेलुगूत व्हावी, म्हणजे करीमनगर-सिरसिल्ल्यातल्या विणकरालाही त्याच्या भाऊबंदांच्या गावाचा इतिहास कळेल. आणि आपल्या म्हाताऱ्या बायका विड्या वळताना, कांड्या भरताना जी तेलुगू गाणी म्हणतात ती ध्वनिमुद्रित करून, लिहून घेऊन मराठीत आणावीत. या कामाला उशीर नको. त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना बरोबर घ्या. पूर्वभागातली कितीतरी मुलं तिथे शिकतात, त्यांच्याकडे दोन्ही भाषा आहेत आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. मानधन द्या, फुकट राबवू नका.

वाचनालयांच्या विश्वस्तांना वेगळी विनंती. 'पण लक्षात कोण घेतो' आणि 'अबला जीवितम' या दोन्हींच्या प्रती मिळवून एकाच कपाटात ठेवा. २८ जूनला हारतुरे, पाहुणे, सत्कार यांत अर्धा दिवस जातो. त्याऐवजी त्या दिवशी एकच प्रकरण आधी मराठीत आणि मग तेलुगूत मोठ्यानं वाचा. श्रोत्यांत विडी घरकुलातल्या बायका असू द्या. त्यांच्यासाठी बस करा, दुपारचं जेवण ठेवा. त्या दिवशीची मजुरी बुडते, तिचाही विचार करा.

खर्चाची भीती घालणारे भेटतील. ब्राँझच्या पुतळ्याला, चौथऱ्याला, सुशोभीकरणाला आणि उद्घाटनाच्या मांडवाला किती लागतात याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याच्या व्याजावरसुद्धा हे सगळं चालेल. नरसिंह रावांचं नावच द्यायचं असेल तर ते या अनुवादाच्या कामाला द्या.

संस्थांची पुढची बैठक होईल तेव्हा हे पत्र वाचून दाखवावं आणि मला पाच मिनिटं बोलू द्यावं, एवढी विनंती आहे. शाळेच्या सुट्टीत रिकामा राहणारा एखादा वर्ग किंवा समाजमंदिराची वरची खोली रविवारी सकाळी नऊ ते अकरा मिळाली तर लहान मुलांचा पहिला वर्ग मी स्वतः घेईन, पगार नको. मोठ्यांच्या वर्गाला माझ्यापेक्षा चांगलं तेलुगू येणारे दोन निवृत्त शिक्षक तयार आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे. खोलीची किल्ली कुणाकडून घ्यायची आणि मुलांची नावं कुणी नोंदवायची, तेवढं ठरवून कळवावं.

आपली,
पूर्वभागातील एक निवृत्त मराठी शिक्षिका
सोलापूर